आजीच्या डब्यातलं सोनं

आजी गेल्यावर तिच्या डब्यातलं सोनं तिन्ही लेकींत वाटायचं ठरलं आणि हिशेबाचं काम माझ्यावर आलं. मी बँकेच्या परीक्षा दिलेली, म्हणून. सोन्यातलं मला काहीच कळत नव्हतं. डब्यात एक डोरलं, गोठांची जोडी, एकदाणी आणि एक अंगठी होती. ते घेऊन मी आईबरोबर नागपूरच्या इतवारीतल्या सराफा ओळीत गेले आणि पहिल्या दुकानातच गांगरले. टंच काय आहे? घट किती धरायची? मोड करायची की नुसतं तोलायचं? प्रश्न मलाच विचारले जात होते आणि मला प्रश्नच समजत नव्हते.

गोठांनी पहिला धक्का दिला. तराजूवर वजन चांगलं भरलं, पण दुकानातल्या वयस्कर काकांनी गोठ बोटांत फिरवून पाहिले आणि म्हणाले, "बाई, याच्यात लाख भरली आहे. सोनं वरचा पत्रा फक्त." थोड्या सोन्यात भरदार गोठ व्हावा आणि पत्रा चेपू नये म्हणून आत लाख ओतायची रीत होती. ती काढल्याशिवाय खरं वजन कळत नाही. शिवाय जुन्या दागिन्यांतले सांधे जोडणाऱ्या डागात सोनं कमी असतं. सगळं एकत्र वितळवलं की टंच, म्हणजे शुद्धता, उतरतो तो त्यामुळेही.

मग काकांनी कसोटी काढली. काळा, गुळगुळीत, तळहातात मावेल एवढा दगड. एकदाणीचा मणी त्यावर घासला, शेजारी ठरलेल्या टंचाची सुई घासली आणि दोन्ही रेघांवर तेजाबाचा थेंब सोडला. दोन्ही रेघा तशाच पिवळ्या राहिल्या. डोरल्याची रेघही टिकली. अंगठीची मात्र बघता बघता फिकी पडली. आई एकदम गप्प झाली. घरात आधीपासून एक कुजबुज होतीच, की आजीच्या लग्नात सोनाराने हात मारला.

"लगन कोणत्या साली झालं होतं माउलीचं?" काकांनी विचारलं.

"चौसष्ट साली."

"मंग बरोबर आहे, बाप्पा. तवा चौदा कॅरटच्या वर घडवायची बंदी होती. सोनाराने फसवलं नाही तुमाले."

हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. घरी येऊन वाचत बसले. चीनशी युद्ध झाल्यावर, परकीय चलन वाचवायला, जानेवारी 1963 मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले. मोरारजी देसाई तेव्हा अर्थमंत्री होते. नवा दागिना चौदा कॅरटपेक्षा शुद्ध घडवायचा नाही, म्हणजे शंभरात साधारण साडेअठ्ठावन्न भाग सोनं, बाकी तांबं-चांदी. बावीस कॅरटवर हात बसलेल्या सोनारांची कामं गेली. देशभर कित्येकांनी दुसरा धंदा धरला, काहींनी जीव दिला. चौदा कॅरटची अट 1966 मध्ये उठली, नियंत्रणाचा कायदा 1990 मध्ये रद्द झाला. ज्या सोनाराला आमच्या घरात साठ वर्षं चोर म्हटलं गेलं, त्याने कायदा पाळला होता. त्या सोनाराबद्दल मला फार वाईट वाटतं.

चौदा कॅरटची ती अंगठी किंचित तांबूस दिसते. डोरलं मात्र अजून तेवढंच पिवळं. सोनं हवेशी, पाण्याशी, घामाशी जुळवूनच घेत नाही, म्हणून गंज नाही. एकटं नायट्रिक आम्ल त्याला विरघळवू शकत नाही. हायड्रोक्लोरिकची जोड मिळाली की अम्लराज होतं, त्यात विरघळतं. आणि विरघळलं तरी परत काढता येतं. पाण्याच्या एकोणीस पट जड, 1064 अंशांवर वितळणारं, एका ग्रॅमचा चौरस मीटरभर वर्ख होईल इतकं मऊ. तो पिवळा रंगही साधा नाही: जड अणुकेंद्राभोवतीचे इलेक्ट्रॉन इतक्या वेगात फिरतात की सोनं निळा प्रकाश शोषतं आणि पिवळं दिसतं.

हे सगळं पुस्तकात कळलं; पटलं ते सराफ्यातल्या झारेकऱ्यांना बघून. कारागिरांच्या दारातली, नालीतली माती ते झाडून नेतात आणि पाटीत धुऊन धुऊन कण वेगळे करतात. कित्येकदा तो कण पाऱ्याने धरतात आणि पारा तापवून उडवतात. तो धूर विषारी असतो. सोन्याचा कण वाया जात नाही, हे खरं. तो वेचणाऱ्याची छाती मात्र झिजते, आणि याबद्दल सराफ्यात कुणी फार बोलत नाही.

याच नागपूरने मोठ्या प्रमाणावर सोनं जाताना पाहिलं आहे. इथले भोसले राजे तिसरे रघुजी 1853 मध्ये वारले, इंग्रज गव्हर्नर-जनरल डलहौसीने राज्य खालसा केलं आणि राजघराण्यातल्या म्हाताऱ्या बाकाबाईंचा विरोध मोडून भोसल्यांचं जडजवाहीर विकायला कलकत्त्याला नेलं. ते दागिने मोडले गेले असतील, पण त्यांतलं सोनं कुणाच्या ना कुणाच्या अंगावर आजही असणारच.

आणि सोन्याच्या भावाचं काय? एप्रिल 2025 मध्ये दहा ग्रॅमने लाखाचा आकडा ओलांडला, तेव्हापासून मावशी रोज भाव विचारते. पण 1980 च्या जानेवारीत जगाच्या बाजारात औंसाला 850 डॉलरवर गेलेलं सोनं 1999 मध्ये 250 डॉलरच्या आसपास उतरलं होतं. धातू टिकतो, भाव टिकेलच असं नाही. घडणावळ तर मोडीत शून्यच धरतात. म्हणून आम्ही एकदाणी आणि गोठ वजनाने वाटले. डोरलं आणि अंगठी मोडायची नाही, असं तिघींनी ठरवलं.

तुमच्या घरात जुनं सोनं असेल तर एक करा. मोडायला नेण्याआधी भारतीय मानक ब्यूरोची मान्यता असलेल्या हॉलमार्किंग केंद्रात तपासून घ्या. चार नगांपर्यंत 200 रुपये शुल्क आहे. नवं घेताना ब्यूरोचं चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी हा ओळख-क्रमांक पाहा. 1 एप्रिल 2023 पासून त्याशिवाय सराफाला हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. आणि दागिना कोणत्या साली, कुणासाठी केला, हे एका कागदावर लिहून डब्यात ठेवा.