आधी हात, मग तपासणी

सांगोल्यात डाळिंबावर तेल्या रोग आला की हळहळत बसून भागत नाही. डागाळलेली फळं वेचायची, रोगट फांद्या छाटायच्या आणि बागेबाहेर नेऊन जाळायच्या. तेल्या जिवाणूंचा, पावसाच्या शिंतोड्यांबरोबर तो झाडावरून झाडावर जातो. इथे एका फांदीची दया केली तर अख्खी बाग हातची जाते.

यंदा त्या जाळाशेजारी उभं राहून मला कुष्ठरोग आठवला. तोही जिवाणूचाच. नॉर्वेच्या हान्सेननं १८७३ मध्ये तो जिवाणू शोधला, तेव्हा शापाची भाषा संपायला हवी होती. झालं उलटंच. १८९७ च्या बर्लिन परिषदेनं रुग्णांना वेगळं ठेवायला सांगितलं, १८९८ मध्ये आपल्याकडे तसा कायदा आला. माणसांना बागेचा नियम लागला. विज्ञान खोटं नव्हतं. पण आजारी माणसाशी कसं वागावं, हे जंतूला विचारून कळत नाही.

बायबलच्या जुन्या करारातही याजक कातडी तपासतो आणि रोगी ठरलेल्याला छावणीबाहेर काढतो. मार्कच्या शुभवर्तमानात मात्र येशू कुष्ठरोग्याला आधी हात लावतो आणि मग म्हणतो, जा, याजकाला दाखव. तपासणी त्यानं मोडीत काढली नाही, क्रम तेवढा बदलला. ख्रिस्ती नीतीचं मर्म मला या क्रमात दिसतं.

त्या हाताची करुणा आमच्या भागातही पोचली. दुखणं हाताबाहेर गेलं की आमच्याकडे अजून म्हणतात, ‘मिरजेला न्या.’ त्या म्हणण्याचं मूळ डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये उघडलेल्या मिशन हॉस्पिटलात आहे. पुढे बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी सांगोल्यावरूनच मिरजेला जाऊ लागली.

मात्र नुसती करुणाही चुकते. मिशनांच्या कुष्ठधामांतही बायका-पुरुषांना एकमेकांपासून वेगळं ठेवत. करुणेला तपासणीचीही जोड लागते. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांचे हजारो बधिर हात आपल्या हातात घेऊन पाहिले, तेव्हा उमगलं, की बोटं आपोआप गळून पडत नाहीत. नसा मरतात, वेदना कळत नाही, जखमेकडे लक्ष जात नाही आणि बोट झिजत जातं. हात लावला म्हणूनच हे ज्ञान मिळालं.

जाळ विझत आला. फांद्या ओढताना डाळिंबाचा काटा बोटात मोडला होता. बोट ठणकत होतं. त्या ठणक्याचा राग आला नाही.