तोलामोलाची घरं

"बाबा, हे एकेकाळी साधं शेतकी कॉलेज होतं. पटतंय का?" स्पार्टन स्टेडियमसमोर गाडी हळू करत जावयाने विचारलं.

पटत नव्हतं. सत्तर हजारांवर माणसं बसतील एवढं ते स्टेडियम फेब्रुवारीच्या बर्फात ओस पडलं होतं आणि ओस असूनही अंगावर येत होतं. १८५५ साली सुरू झालेलं हे शेतकी कॉलेज म्हणजे आजची मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटी. १८८८ साली या कॉलेजाने अल्बिअन, ऑलिवेट आणि हिल्सडेल या आसपासच्या तीन छोट्या कॉलेजांबरोबर एक मंडळ स्थापलं, मिशिगन इंटरकॉलेजिएट अ‍ॅथलेटिक असोसिएशन. सगळे नुसतं 'एमआयएए' म्हणतात. अमेरिकेतल्या कॉलेजांची ही सगळ्यांत जुनी क्रीडासंघटना, आणि ती अजून चालू आहे.

मी स्वतः तालुक्याच्या कॉलेजातून खो-खो खेळलो. झोनलला एसटीने जायचं, हरायचं आणि मुक्कामाच्या गाडीने परत यायचं. त्यामुळे लेकीकडच्या महिनाभराच्या मुक्कामात मला नायगाऱ्यापेक्षा ही चार गावं पाहायची होती. लेक हसली. जावई मात्र खूश झाला, त्याला गाडी चालवायला निमित्त लागतं.

ऑलिवेटला पोहोचायला तासही लागला नाही. सपाट शेतं, धान्याच्या उंच गोल कोठ्या आणि मध्येच एक टेकाड. कॉलेज त्या टेकाडावर. १८४४ साली जॉन जे शिफर्ड या धर्मोपदेशकाने ते स्थापलं. आख्यायिका अशी की हा गृहस्थ रानात वाट चुकला आणि कितीही फिरला तरी पुन्हापुन्हा याच ओकच्या झाडांच्या टेकडीवर येऊन ठेपला, तेव्हा त्याने हा ईश्वरी संकेत मानला. आपल्याकडे अशा जागी देऊळ बांधलं असतं. गावात एक चौक, चार दुकानं आणि फुटपाथवर आमच्या दोघांशिवाय कोणी नाही. ऑलिवेट या मंडळातून मध्ये काही वर्षं बाहेर पडलं होतं, मग परत आलं. रुसून माहेरी गेलेल्या सुनेसारखं. २०२३ पासून त्याने नावापुढे 'युनिव्हर्सिटी' लावलंय, टेकाड तेवढंच आहे.

अल्बिअनला कॉफी प्यायलो. कारखाने गेल्याच्या खुणा गावभर दिसतात, कॉलेजच्या विटा मात्र लालभडक. १९९४ साली या कॉलेजने फुटबॉलमध्ये आपल्या गटाचं राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं. त्या गटाचं नाव डिव्हिजन थ्री, आणि त्याचा मुख्य नियम असा की खेळतो म्हणून कोणाला शिष्यवृत्ती द्यायची नाही. पोरगा रसायनशास्त्र शिकायला येतो आणि शनिवारी फुटबॉल खेळतो. शेतकी कॉलेजचं आणि या मंडळाचं जमेनासं का झालं, ते इथे बसल्यावर कळतं. घरात एक भाऊ फार मोठा झाला की पंगतीचा तोल जातो. १९०७ मध्ये शेतकी कॉलेज बाहेर पडलं आणि पुढे बिग टेन या मोठ्या विद्यापीठांच्या मंडळात, बड्या घरात जाऊन बसलं. कोणी कोणाला हाकललं नाही. सामन्यात रंगत येते ती जोड बरोबरीची असली तर, आणि इथे ती बरोबरी संपली होती.

हिल्सडेलची गोष्ट वेगळी, आणि मला त्या दोन दिवसांत सगळ्यांत जास्त तिनेच अडकवलं. गावाशेजारी बॉ बीज नावाचं तळं आहे, पोटावाटोमी लोकांच्या एका पुढाऱ्याच्या नावाचं. आम्ही गेलो तेव्हा गोठलेलं होतं, दोन माणसं बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसली होती. हिल्सडेलची वल्हवणारी मुलं याच गावची. १८८२ साली ती इंग्लंडला जाऊन टेम्सवर शर्यत खेळून आली. मंडळ स्थापन व्हायच्या सहा वर्षं आधी! एवढ्याशा गावाने लंडन गाठलं होतं, तेव्हा त्याची नजर पहिल्यापासून लांबच होती म्हणायची.

१९५५ मध्ये हिल्सडेलचा फुटबॉल संघ हंगामभर एकही सामना हरला नाही. फ्लोरिडातल्या टँजरीन बोल या सामन्याचं बोलावणं आलं. अट एवढीच की संघातल्या चार काळ्या खेळाडूंना मैदानात उतरवायचं नाही. हिल्सडेलने सामनाच नाकारला. प्रशिक्षक होते फ्रँक वॉटर्स, 'मडी' या टोपणनावाने ओळखले जाणारे. आज स्टेडियमला त्यांचं नाव आहे. गंमत म्हणजे हेच मडी वॉटर्स १९८० साली मिशिगन स्टेटचे प्रशिक्षक झाले, म्हणजे मंडळातून आधी बाहेर पडलेल्या घरात गेले. १९६० मध्ये हिल्सडेलनेही मंडळ सोडलं होतं. आता ते डिव्हिजन टूमध्ये खेळतं, तिथे खेळाडूंना शिष्यवृत्ती देता येते. माझा तर्क असा की टेम्स पाहिलेल्यांना तळं पुरत नाही. पण त्या मोकळ्या स्टेडियमच्या फाटकाशी उभा असताना मला सारखी ती चार मुलं आठवत होती. नाकारलेला सामना कुठल्याही तक्त्यात दिसत नाही, आणि या गावाने खेळलेल्या सगळ्या सामन्यांत मला तोच मोठा वाटतो.

म्हणजे चारांतली दोन गेली, दोन उरली. नवी कॉलेजं येत गेली. कॅलमझू १८९६ मध्ये आलं, अ‍ॅल्मा १९०२ मध्ये, एड्रियन १९०८ मध्ये, होप १९२६ मध्ये. इप्सिलँटीचं शिक्षकांचं कॉलेज येऊन गेलं. फक्त मुलींचं सेंट मेरीज १९९७ मध्ये आलं. संध्याकाळी आम्ही राज्याची हद्द ओलांडून इंडियानातल्या अँगोलाला थांबलो. तिथलं ट्राइन २००४ मध्ये आलं, तेव्हा त्याचं नाव ट्राय-स्टेट होतं. चौकात यादवी युद्धाचं स्मारक आहे आणि त्याला वळसा घातल्याशिवाय गावातून जाता येत नाही. दुसऱ्या राज्यातलं असलं म्हणून काय झालं? हिल्सडेलहून आम्ही तासाभरात आलो होतो. सोयरीक जमवताना आपल्याकडेही जिल्ह्याची हद्द कोण बघतं, दिवसात येजा होते का ते बघतात. उलट फिनलँडिया मिशिगनचंच, पण उत्तरेच्या टोकाला हॅनकॉकमध्ये, इथून आठ-नऊ तासांवर. फिनलंडहून आलेल्या लोकांनी १८९६ साली काढलेलं. त्याचा फुटबॉल संघ काही वर्षं या मंडळात खेळला. २०२३ मध्ये कॉलेजच बंद पडलं.

दुसऱ्या दिवशी कॅलमझूला टेनिसची कोर्टं बर्फाखाली असलेली पाहून पुढे हॉलंड गाठलं. हे डच लोकांचं गाव. व्हान रॉल्टे नावाच्या धर्मगुरूने १८४७ साली वसवलं. इथे फुटपाथवर बर्फ नाही, कारण खालून गरम पाण्याचे नळ टाकलेत. वीजघरातली वाया जाणारी उष्णता गावाने अशी वापरली. डच काटकसर! कोकणातल्या माणसाला हे बघून बरं वाटतं.

होप कॉलेज याच गावातलं. अर्ध्या तासावर ग्रँड रॅपिड्समध्ये कॅल्विन. १८५७ मध्ये या डच मंडळींच्या चर्चमध्ये फूट पडली. एका फळीचं कॉलेज होप, दुसऱ्या फळीने १८७६ मध्ये काढलं ते कॅल्विन. आणि १९५३ मध्ये कॅल्विनही याच मंडळात येऊन बसलं! मोठा भाऊ गेला, लांब नजरेचा गेला, पण दावा लावणारे चुलतभाऊ एका पंगतीला राहिले. भाऊबंदकीला तोलामोलाची जोडच लागते. बाहेरच्याशी इतकं मन लावून कोण भांडतं?

त्या रात्री डेव्हॉस फील्डहाउसमध्ये दोघांचा बास्केटबॉलचा सामना होता. तिकीट जावयाने आधीच काढून ठेवलं होतं, मला सांगितलं नव्हतं. साडेतीन हजारांच्या आतबाहेर माणसं मावणारी ती जागा गच्च भरली होती. एका बाजूला नारिंगी, दुसऱ्या बाजूला मरून-सोनेरी. माझ्या शेजारच्या आजोबांच्या अंगावर होपचा नारिंगी स्वेटर, त्यांच्या पलीकडे बसलेल्या बाईंच्या अंगावर कॅल्विनचा. नवरा-बायको. दोघांत पॉपकॉर्नची एकच पिशवी, आणि कॅल्विनची बास्केट झाली की आजोबा ती पिशवी आपल्याकडे ओढून घेत.

सामना संपला तेव्हा नऊ वाजून गेले होते. कॅल्विनची मुलं ओल्या केसांनी, पाठीवर पिशव्या टाकून बसमध्ये चढली. ती दहाच्या आत घरी पोहोचणार होती, आम्हाला मात्र लॅन्सिंगच्या घरापर्यंत दीड तासाची वाट होती. बस वळली तसा जावई म्हणाला, "२०२४ पासून कॅल्विनने फुटबॉलही सुरू केलाय. इतकी वर्षं नव्हता. पुढच्या ऑक्टोबरात या बाबा, मैदानात भांडताना बघाल."

व्हिसा दहा वर्षांचा आहे. स्वेटर कुठल्या रंगाचा घ्यायचा, एवढंच ठरायचंय.