पुठ्ठ्याची गिटार

वाद्यांच्या दुकानात शिरले की माणसाचे डोळे कानांच्या पुढे धावतात. नातीसाठी क्लासिकल गिटार घ्यायला गेलो, तेव्हा दुकानदाराने आधी चकचकीत, नक्षीदार गिटारच पुढे केली. मला मात्र स्पेनमधल्या तोर्रेसची आठवण झाली. अन्तोनियो दे तोर्रेस या कारागिराने १८६२ साली एक गिटार केली. पाठ आणि बाजू पुठ्ठ्याच्या, वरची फळी तेवढी लाकडाची. आवाज या फळीत असतो, हे त्याला दाखवायचे होते. हट्टी माणसे जगाला अशीच शहाणी करतात!

म्हणून मी फळीच पाहिली. भोकाच्या काठाशी लाकडाच्या रेषा आरपार उतरलेल्या दिसल्या, की फळी अखंड. प्लायवुडचे थर तिथे उघडे पडतात. तारा नायलॉनच्या. मोठ्यांच्या गिटारीत तारेची लांबी साधारण ६५० मिलिमीटर. नातीची बोटे लहान, तेव्हा त्याहून आखूड पाहिली.

राहिला आवाज. आणि इथेच माझी पंचाईत! दोन वर्षांपासून माझे कान साथ देत नाहीत. नात एकेक गिटार छेडी आणि मी तिच्या चेहऱ्याकडे पाही. तिसऱ्या गिटारीला तिने माझा तळवा ओढून वाद्याच्या बाजूवर टेकवला.

"आजोबा, लागतंय हाताला?"

खर्जाच्या तारेची थरथर मनगटापर्यंत आली. तीच साधी, बिननक्षीची गिटार आम्ही घेतली.

आता ती सरावाला बसली, की माझी खुर्ची शेजारी ओढते. तोर्रेसला सांगावेसे वाटते, "बाबा रे, फळीचे तुझे म्हणणे खरे, पण बाजूही अगदीच मुकी नसते!"