जनुकाला गप्प बसविताना

कुणाला गप्प बसविणे ही तशी सोपी गोष्ट नव्हे. वर्गात गोंधळ माजला की सर टेबलावर डस्टर आपटतात. सगळा वर्ग चिडीचूप होतो. पण गोंधळाचे मूळ कोण, हे काही त्यातून कळत नाही. नेमक्या एकालाच गप्प बसविले आणि मग वर्गात काय फरक पडतो ते पाहिले, तर त्या एकाचे महत्त्व कळेल. बी. एस्सी. नंतर बेळगाव सोडून बंगळूरच्या एका प्रयोगशाळेत मी प्रकल्पासाठी गेलो, तेव्हा हेच काम माझ्या वाट्याला आले. वर्ग म्हणजे एक पेशी, आणि तीत वीस हजारांच्या आसपास जनुके बसलेली!

या विद्येची सुरुवात मोठी मजेदार आहे. 1990 साली रिचर्ड जॉर्गेन्सन व त्यांचे सहकारी यांनी पेटुनियाच्या फुलाचा जांभळा रंग गडद करावा म्हणून रंगाच्या जनुकाची एक जादा प्रत झाडात घातली. फुले उमलली ती पांढरी! गवयाला साथीदार द्यावा आणि दोघेही मुके व्हावेत, तसा प्रकार. त्याचे कोडे उलगडले 1998 मध्ये. अँड्र्यू फायर व क्रेग मेलो यांनी एका चिमुकल्या कृमीत दाखवून दिले की, दुपेडी आरएनए दिला की त्याच्याशी जुळणारे जनुक गप्प बसते. 2006 चे नोबेल पारितोषिक त्यांना याचसाठी मिळाले. पुढे 2001 साली थॉमस टुशल यांच्या गटाने केवळ 21 अक्षरांचे दुपेडी तुकडे, म्हणजेच एसआयआरएनए, वापरून माणसाच्या पेशीतही हे साधून दाखविले.

जनुक स्वतः जागचे हलत नाही. ते आपला निरोप संदेशवाहक आरएनएच्या हाती धाडते आणि त्यावरून प्रथिन तयार होते. एसआयआरएनएचा एक पेड पेशीतल्या आर्गोनॉट नावाच्या प्रथिनात जाऊन बसतो, जुळणारा निरोप गाठतो आणि त्याचे दोन तुकडे करवितो. जनुक जागेवरच राहते, पण त्याचे म्हणणे कुणापर्यंत पोहोचत नाही.

हे तुकडे आता कंपन्या तयारच विकतात. जनुकाचे नाव कळवावे, की पार्सल येते. माझ्या कुपीत 5 नॅनोमोल माल होता. वजन एका ग्रॅमच्या दहा हजाराव्या हिश्शाहूनही कमी. कुपी उजेडात धरली तरी आत काही दिसेना! म्हणून ती उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून घ्यावयाची. हातमोजे तर हवेतच, कारण आपल्या बोटांवरच आरएनए फस्त करणारी विकरे असतात. पुन्हा आरएनए ऋणभारित आणि पेशीचे आवरणही ऋणभारित. म्हणून धनभारित स्निग्ध द्रव्यात गुंडाळूनच त्याला आत धाडावे लागते. शेजारच्या टेबलावरची धारवाडची सहकारी पेशींवर थेंब सोडताना दर वेळी म्हणे, “सुम्मनिरु!” आपल्या कन्नड विभागाच्या वाचकांना याचा अर्थ सांगावयास नको.

तिसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर जवळजवळ निम्म्या पेशी मेलेल्या. कुठल्याच जनुकाशी न जुळणारा एसआयआरएनए दिलेल्या कंट्रोलच्या पेशी मात्र ठणठणीत. निरोपाचे मोजमाप केले. रुपयातले वीस पैसेच उरले होते. पेशी कर्करोगाच्या होत्या. म्हणजे ज्या जनुकावाचून त्या जगू शकत नाहीत, असे जनुक हाती लागले म्हणावयाचे! सरांनी एका परिषदेसाठी सारांश लिहावयास घेतला. त्यावर माझे नाव पहिले येणार होते. घरी फोनवर मी ते सांगूनही टाकले.

तरी एक कुसळ डोळ्यात सलत होते. एसआयआरएनए आपल्या जनुकाचा निरोप अडवितो हे खरे. पण त्याच्या दुसऱ्यापासून आठव्यापर्यंतची सातच अक्षरे जुळली, तरी तो भलत्या निरोपांनाही हात घालू शकतो. पत्त्यात ‘गणपत गल्ली’ एवढेच जुळले म्हणून पोस्टमनने पत्र भलत्याच दारात टाकावे, तसे. मग त्याच निरोपाच्या वेगळ्या भागांशी जुळणारे आणखी दोन एसआयआरएनए मागवू का, असे मी सरांना विचारले. पैशांचा प्रश्न होता आणि मुदतीचाही. सरांनी क्षणभर विचार केला आणि मागणीपत्रावर सही केली.

दोन्हींनी जनुक तितकेच गप्प बसविले; प्रथिनही तितकेच घटले. आणि पेशी? मजेत वाढत होत्या! पहिल्या तुकड्याने त्यांना मारले होते खरे, पण त्या जनुकाला गप्प बसवून नव्हे. आणखी कुणाचा तरी निरोप वाटेत अडला होता. आकडे पाहून सर म्हणाले, “सारांश पाठवू नका. वहीत मात्र सगळे लिहा, जसे आहे तसे.” त्या रात्री वसतिगृहावर मला जेवण गेले नाही, हे का लपवू?

आज त्या गोष्टीकडे पाहताना वाटते की, कंपनीची हमी जनुक गप्प बसण्यापुरतीच असते. त्यानंतर जे घडले त्याचा अर्थ ज्याचा त्यानेच लावावा लागतो, आणि तो कुठल्याही कुपीत विकत मिळत नाही. हीच विद्या पुढे रुग्णांपर्यंतही पोहोचली आहे. पॅटिसिरान या पहिल्या एसआयआरएनए औषधाला अमेरिकेत 2018 साली मान्यता मिळाली. एका आनुवंशिक विकारात मज्जातंतूंना इजा करणाऱ्या प्रथिनाचा निरोप ते यकृतातच अडविते. अशा औषधाने भलत्याच दारात पत्र टाकले तर त्याची किंमत कुणी मोजावयाची?

तेव्हा मित्रहो, उद्या तुमच्यापैकी कुणी असे काम हाती घेतले आणि पहिल्याच फेरीत मनाजोगते उत्तर आले, तर दुसरा एसआयआरएनए जरूर मागवा. उत्तर खरे असेल तर ते त्या परीक्षेतही टिकेल.