शेवटचं इंजिन जाईपर्यंत

सुट्टीच्या दिवशी मंडळी मॉलमध्ये जातात. आम्ही दोघं ट्रायपॉड घेऊन पेनसिल्व्हेनियात अल्टूनाजवळच्या हॉर्सशू कर्व्हवर जातो. १८५४ साली सुरू झालेलं हे घोड्याच्या नालासारखं रेल्वेचं वळण! त्याच्या पोटातच बाग असल्यामुळे मालगाडी जणू आपल्याभोवती प्रदक्षिणा घालते. लांबलचक गाडीचं तोंड एका बाजूला, तर शेपूट दुसऱ्या बाजूला दिसतं.

खरी कसोटी घरी, एडिटिंगला. वाट पाहण्यात गेलेला तास आम्ही बिनदिक्कत कापतो, वाऱ्याची घरघर कमी करतो. पण इंजिनांच्या आवाजावर गाणं चढवत नाही. मुलं म्हणतात, "नुसते डबे किती वेळ बघायचे? अर्ध्या मिनिटात उरका की!" पण तसं उरकलं, तर शेवटी जोडलेली, मागून ढकलणारी इंजिनंच कापली जातात. कसाऱ्याच्या घाटात मागे लावलेली बँकर इंजिनं आपण पाहिलीच आहेत, तसलीच ही. चढ चढतो तो त्यांच्याही जोरावर. इथवर येऊन पोचलेल्या आपल्यासारख्यांनी तरी मागून रेटा देणाऱ्यांवर कात्री चालवू नये, असं आम्हांला वाटतं. गाडी सरायला चार मिनिटं लागली, तर लागू देत!