पोटखराब्यातला चैत्र

वसंतात पक्षी पाहायचे तर खाडीकाठ गाठावा, अशी आपली समजूत आहे. पाणी उतरलं की चिखल उघडा पडतो, त्यावर तुतवार तुरुतुरु फिरतात आणि मागच्या झाडीत तांबटाची टुकटुक चालू असते. लिंबागणेशला खाडीच नाही. बालाघाटाच्या रांगेतलं बीड जिल्ह्यातलं हे गाव लोकांना ठाऊक आहे ते भालचंद्र गणपतीमुळे. पाऊस वर्षाला सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही लहरी. तरी भरती-ओहोटी इथंही आहे. खाडीत ती दिवसातून दोनदा येते, इथं वर्षातून एकदा. १९७२च्या दुष्काळात मराठवाडाभर पाझर तलावांची कामं निघाली. असे तलाव, आणि बिंदुसरेसारखी धरणं, पाऊस बरा झाला तर भाद्रपद-आश्विनात भरतात आणि चैत्रापर्यंत ओसरत जातात. उघड्या पडलेल्या गाळात माणसं गाळपेर करतात, आणि त्याच ओल्या कडेवर लांब तांबड्या पायांचे शेकाटे चोच बुडवत चालतात. धोबी आणि तुतवार उत्तरेकडे निघण्यापूर्वी इथंच पोट भरून घेतात. म्हणजे ओहोटीचा चिखल हा काही कोकणाचा मक्ता नाही.

पण या मुलखाचा खरा वसंत पाण्याकाठी नसतोच, तो माळावर असतो. कडुनिंब मोहरतो, पळस-पांगाऱ्यावर भोरड्यांचे थवे मध पिऊन मध्य आशियाकडे निघतात, हे सगळं खरं. पण ते डोळ्यांत भरणारं आहे, म्हणून कुणाला सांगावं लागत नाही. सांगावं लागतं ते मुरमाड बरडाबद्दल. सातबाऱ्यावर त्याची नोंद ‘पोटखराबा’ अशी होते. देशाच्या पडीक जमिनींचा जो सरकारी नकाशासंग्रह निघतो, त्यातही खुरट्या झुडपांची जमीन पडीकातच मोजतात. महसुलाच्या हिशेबाला हे शब्द पुरेसे असतील. चूक होते ती तेच शब्द आपण डोळ्यांना लावून फिरतो तेव्हा. याच पोटखराब्यात उन्हाळ्याच्या तोंडाशी माळटिटवी जमीन जराशी खरवडून चार अंडी घालते, मुरमाच्या खड्यांसारखीच ठिपकेदार. ऊन फार चढलं की पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणून ती अंडी गार ठेवते. पखुर्डीचा नर तशाच भिजल्या पिसांतून पिलांना पाणी पाजतो. डोंबारी चंडोल उंच जातो, पंख मिटून दगडासारखा खाली येतो आणि जमिनीला टेकणार तोच पुन्हा उसळी घेतो. (त्याला हे नाव ज्यानं ठेवलं तो माणूस नुसता शेतकरी नव्हता, रसिकही होता.) हे पक्षी माळ उजाड असूनही येतात असं नाही. तो उघडा असतो म्हणूनच येतात, कारण जमिनीवर बसून उबवणाऱ्याला मुंगूस, कोल्हा दुरून दिसावा लागतो. तिथं एखादं झाड लावणं म्हणजे कावळ्याला टेहळणीचा बुरूज बांधून देणं.

यावर कुणी म्हणेल, की हा माळ मुळात जंगलच होता. तोडीनं आणि चराईनं बोडका झाला, तेव्हा झाडं लावणं ही परतफेडच आहे. काही उतारांबाबत, ओढ्याकाठांबाबत हे खरंही असेल. पण धाविक या माळावरच्या पक्ष्याच्या पायाकडे पाहा. फांदी पकडायला लागणारं मागचं बोटच त्याला नाही. तीन बोटांवर तो पळतो, थबकतो, पुन्हा पळतो. असा पाय शे-दोनशे वर्षांच्या कुऱ्हाडीनं घडत नाही. त्यामागे मोकळ्या जमिनीचा फार जुना काळ असावा लागतो. झाडं बांधावर, ओढ्याला, गावठाणात जरूर लावावीत. गिरिपुष्पाच्या रांगांनी माळ झाकणं वेगळं. नव्या पवनचक्क्यांसाठी पठारावर रस्ते निघतात तेव्हाही जमीन ‘रिकामीच’ होती असं मानणं सोयीचं पडतं.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. ज्या जिल्ह्यातली माणसं दसरा-दिवाळीला कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात, तिथं टिटवीच्या अंड्यांची काळजी म्हणजे भरल्या पोटाचे चोचले नव्हेत का? दुर्बिणीचं कौतुक असेल तर हो. पण माळाची बाजू घेणं हे त्या माणसांच्या विरोधात जात नाही. शेळ्या-मेंढ्या त्याच माळावरच्या कुसळी गवतावर जगतात, आणि ज्याच्या नावावर जमीन नाही त्यालाही या चराईचा आधार असतो. हेही कबूल केलं पाहिजे, की फार चरलेला माळ पक्ष्यांनाही उरत नाही. खुरांखाली अंडी फुटतात, गवताचं बी धरत नाही. चराई थोडी आळीपाळीनं झाली तर ते शेळीच्याही फायद्याचं. भोरड्या निघून जातात त्याच सुमाराला कारखान्यांचे पट्टे पडतात आणि तोडकऱ्यांच्या गाड्या गावाकडे वळतात. पुढे झाडीतून पावशा ‘पेरते व्हा’ म्हणू लागतो, तेव्हा पेरणीला अजून दीड-दोन महिने असतात. माळावर मात्र तोवर कुठल्याशा खळग्यात माळटिटवीची चार अंडी पडलेली असतात.