पुनव आणि आयतार

आमच्या शेजारच्या क्रिस्तांव मावशीचा मुलगा तारवटी. मावशीला लिहिता येत नसे, म्हणून त्याला पत्रे मीच लिहायचो. 1980 च्या दिवाळीत ती म्हणाली, "पुढचे पास्कांचे फेस्त केव्हा ते बघ आणि त्याला तेव्हाच रजा काढायला सांग."

पाद्रींना विचारायचे सोडून मी शहाणपणा केला. 21 मार्चनंतरच्या पहिल्या पौर्णिमेनंतर येणारा रविवार म्हणजे ईस्टर, एवढे मला ठाऊक होते. पंचांगात फाल्गुनी पौर्णिमा 20 मार्चला होती. पुढची पौर्णिमा चैत्रातली. ती त्या पंचांगात नव्हतीच, ते पाडव्याआधीच संपत होते. एका दिवसाने काय बिघडते, असे म्हणत मी 22 मार्च लिहून टाकले.

इंत्रूज फेब्रुवारीच्या अखेरीस आहे हे कळले तेव्हा पोटात गोळा आला. इंत्रूज संपला की राखेचा बुधवार, आणि तिथून 46 दिवसांनी ईस्टर. म्हणजे 19 एप्रिल! तोवर त्याची रजा ठरून गेली होती. तो मार्चमध्ये आला आणि फेस्ताच्या आठवडाभर आधी परत गेला. मावशी मला रागावली नाही. एवढेच म्हणाली, "पुता, पुनव तुका कळटा, पूण आयतार पाद्रीक विचारपाक जाय."

तिचे म्हणणे किती खरे होते ते पुढे वाचताना कळले. चर्च आकाशातला चंद्र बघत नाही, तक्त्यातला बघते. संपात नेमका कधीही होवो, चर्चच्या हिशेबी तो 21 मार्चलाच. पौर्णिमाही 19 वर्षांच्या चक्रावर बसवलेली. हे तक्ते 1582 साली पोप तेरावे ग्रेगरी यांच्या काळात सुधारले गेले. ती दुरुस्ती समजावून सांगणारा क्लाव्हियस पोर्तुगालातल्या कोइंब्रा येथे शिकलेला. आपल्याकडे अधिक मास घालून चंद्र-सूर्याचा मेळ बसवतात, तशीच ही खटपट.

1981 नंतर दोन चक्रांनी, म्हणजे 38 वर्षांनी, 2019 साली तक्त्याची तीच ओळ पुन्हा आली. आपल्या घड्याळाप्रमाणे त्या वर्षी संपात आणि पौर्णिमा दोन्ही 21 मार्चलाच होती, आधी संपात, मग पौर्णिमा. आकाश बघून कोणीही 24 मार्च सांगितला असता. तक्त्यात मात्र पौर्णिमा 20 तारखेची, म्हणून ईस्टर गेला 21 एप्रिलला. गुड फ्रायडे आणि हनुमान जयंती एकाच दिवशी आली.

मावशी तेव्हा नव्हती. निवृत्त होऊन घरी आलेला तिचा मुलगा फेस्ताचे ताट घेऊन आमच्या दारात आला आणि हसत म्हणाला, "ह्या वर्सा तुका विचारूंक ना हां!"

हीच ओळ आता 2038 साली येईल. तेव्हा ईस्टर 25 एप्रिलला असेल. त्याहून उशिरा तो कधीच येत नाही. ही तारीख मात्र मी तक्ता बघून सांगतो आहे.